दोन वर्षांचं मूल 'मी करलं' असं बोलतं आणि प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणतं. काळजी करावी का?

नको. 'करलं' हे त्याने बहुधा कुणाकडून ऐकलेलंच नसतं. 'बसलं', 'पडलं' ऐकून नियम त्याचा त्यानेच शोधलाय आणि आता तो सगळीकडे लावतोय. आमची मुलगी आधी चक्क बरोबर 'केलं' म्हणायची, मग 'करलं'वर आली. ही घसरण दिसते, पण खरं तर प्रगतीच आहे, कारण पाठ केलेला शब्द मागे पडून व्याकरण सुरू झालेलं असतं. चूक दाखवत बसू नका. 'हो, तू केलंस!' एवढं म्हणून पुढे चला.

'नाही'चं म्हणाल, तर तो बऱ्याचदा नकार नसतोच. आमच्याकडे तोंडाने 'नाही' आणि हात खाऊच्या डब्यात! आपलं मत चालतं का, हे ती तपासत असते. बाहुलीला मात्र हुबेहूब माझ्या आवाजात दटावते (ते ऐकणं फारसं सुखाचं नसतं).

दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल किंवा येणारे शब्द बोलेनासं झालं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या.