निर्मीक म्हणजे निसर्ग नव्हे हो!

प्रश्न आलाय की फुल्यांच्या लेखनातला शब्द निर्मिक की निर्मीक, आणि त्याचा अर्थ निसर्ग असाच घ्यायचा ना?

नाही घ्यायचा. दर जयंतीला-पुण्यतिथीला हे ऐकून कान किटलेत, निर्मीक म्हणजे निसर्ग, म्हणजे जोतीराव नास्तिक. अहो, निसर्गच म्हणायचं असतं तर निसर्ग म्हणाले असते की, शब्द काय महाग होता? सृष्टी घडवणारा एकच, तो सगळ्या बायापुरुषांचा सारखाच, त्याला नैवेद्य नको आणि मधे दलाल तर नकोच, हे सगळं त्या शब्दात आहे. जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेन या इंग्रज विचारवंताचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेलं, आणि हाच पेन ‘एज ऑफ रीझन’मध्ये (पहिला भाग १७९४) सांगतो की देवाचं वचन पोथीत नाही, ही सृष्टीच त्याचं वचन, ती आपल्या बुद्धीने वाचा. याला डीइझम म्हणतात. फ्रान्समधे लोक नास्तिक व्हायला लागलेत या काळजीपोटी बिचाऱ्याने पुस्तक लिहिलं आणि स्वतःच नास्तिक ठरला! जोतीरावांचंही तेच होतंय, फक्त आपल्याकडे कौतुकाने.

आणि गंमत बघा, डीइझममधला लॅटिन ‘देउस’ आणि आपला देव सख्खे भाऊ. थीइझम म्हणजे आस्तिकपणा, त्यातला ग्रीक ‘थेऑस’ मात्र दिसतो तसाच, पण नात्यातला नाही. म्हणजे युरोपातल्या शब्दात देव बसलाय आणि तोच विचार मराठीत आला तेव्हा जोतीरावांनी देव हा शब्दच बाहेर ठेवला!

आता खरी मजा. निर्मीकच्या पोटात आहे ‘मा’ हा संस्कृत धातू, म्हणजे मोजणे. माप त्यातलं, परिमाण त्यातलं, मितभाषी त्यातलाच, आणि आपलं घरगुती ‘मावणे’सुद्धा, पिशवीत भाजी मावत नाही म्हणतो ना, तेच. निर्माण म्हणजे मापून उभं केलेलं. आणि प्रमाण? तेही ‘मा’तलंच! म्हणजे ग्रंथप्रमाण का बुद्धिप्रमाण हे ज्या शब्दावरून भांडायचं तो आणि निर्मीक एकाच घरचे. हे कळलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो.

संस्कृतवाले नाक मुरडतात, म्हणे रूप अशुद्ध आहे, निर्माता म्हणा. म्हणा खुशाल, पण निर्माता म्हटलं की आज पिक्चरला पैसे लावणारा डोळ्यापुढे येतो. माझी थिअरी अशी (पुरावा मागू नका), की नाव चालवतो तो नाविक, पथावरचा तो पथिक, तसा घडवण्याचं काम करतो तो निर्मीक, म्हणजे सिंहासनावरचा राजा नाही, कामावरचा कारागीर. उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढणाऱ्या माणसाला असाच देव सुचणार. पाणिनीने पास केला नाही म्हणून शब्द नापास होत नसतो.

हां, ह्रस्व-दीर्घ राहिलंच. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, मानलात तर धार्मिकसारखा ह्रस्व. मी मराठीतच घडलेला मानतो, म्हणून गरीब-वकीलसारखा दीर्घ. पण मग गरिबाला, वकिलाला तसं निर्मिकाला, तिथे परत ह्रस्व. तिथे दीर्घ लिहू नका.