डेन्व्हरमध्ये पिकअप घेताय? आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीतलं वर्कशॉप भावावर सोपवून मेव्हण्याच्या लँडस्केपिंगच्या धंद्यासाठी डेन्व्हरला यायचं, ट्रेलरवरून साडेतीन टनी मिनी एक्स्कॅव्हेटर न्यायचा, तर फोर्ड एफ-२५० डिझेल घ्यावी की एफ-३५०?

माझं मत एफ-३५०, पण मागे दोनच चाकांची.

जाहिरातीत ठळक छापतात तो ओढण्याचा आकडा. गाडीच्या अंगावर किती वजन चालतं, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर असतं आणि तुमच्या कामात आधी संपतं तेच. मशीन ८,००० पौंड, ट्रेलर ३,०००, एकूण ११,००० पौंड, म्हणजे ५ टन. त्यातलं १० ते १५ टक्के हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, यायलाच हवं. कमी आलं तर वेगात ट्रेलर डुलायला लागतो. १२ टक्क्यांनी १,३२० पौंड झाले. तीन माणसांचे ५५०, बकेट आणि हत्यारांचे ४००. बेरीज २,२७०. मोठ्या केबिनची फोर बाय फोर डिझेल एफ-२५० अनेकदा दोन-अडीच हजारांतच संपते, कारण तिचं एकूण मान्य वजन (स्वतःचं अधिक अंगावरच्या ओझ्याचं) बहुधा १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं आणि जड डिझेल इंजिन त्यातलंच वजन खातं. त्यात मशीनसाठी १०० गॅलन डिझेलची टाकी मागे ठेवली की आणखी ७०० पौंड.

मग मागे चार चाकांची ड्युअली का नको? लायसन्समुळे. गाडी आणि ट्रेलर यांचं मिळून मान्य वजन २६,००१ पौंड किंवा जास्त असेल आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असेल, तर कमर्शियल लायसन्स लागतं. ड्युअली १४,००० ची, ट्रेलर प्लेटवर १४,००० चा, म्हणजे २८,०००. ट्रेलर रिकामा असला तरी प्लेटवरचा आकडाच धरतात. म्हणून एफ-३५० चं मान्य वजन १२,००० च्या आत आहे ना, हे डीलरकडून लिहून घ्या. जास्तीच्या पॅकेजमध्ये ते वर जातं. धंद्यासाठी राज्याबाहेर जाणार असाल तर १०,००१ पौंडांपासूनच यूएसडॉट नंबर (अमेरिकी परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक) लागतो.

डिझेल की पेट्रोल, हे घाट ठरवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, डेन्व्हर सोळाशेवर, आणि आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ एक तृतीयांश. टर्बो डिझेलला हा फटका फारसा बसत नाही. त्याहून मोलाचा त्याचा एक्झॉस्ट ब्रेक: ५ टन मागे घेऊन ७ टक्क्यांचा उतार उतरताना ब्रेक तापत नाहीत. खंबाटकीत ट्रक गिअरवर उतरवलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कामं शहरातलीच असतील तर ७.३ लिटर पेट्रोल आणि ४.३० चा ॲक्सल रेशो घ्या. डिझेलचे नऊ-दहा हजार डॉलर वाचतील, आणि रोज पाच-सात मैलांच्या फेऱ्यांत डिझेलच्या एक्झॉस्टमधला फिल्टर काजळीने तुंबतो ती कटकटही टळेल.

डिझेल घेतलीत तर थंडीत इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर मागून घ्या. आपल्याकडे बीएस-६ ट्रकांत घालतात ते डीईएफ (एक्झॉस्ट स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) उणे ११ अंशाला गोठतं; गाडीतल्या टाकीला हीटर असतो, जादा कॅन मात्र घरात ठेवा.

सेकंडहँड बघताना २०११ ते १६ ची जीएमची ड्युरामॅक्स आणि २०१९-२० ची रॅम कमिन्स यांच्या सीपी४ या डिझेल पंपाची चौकशी करा. तो फुटला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि सगळी फ्युएल सिस्टिम बदलावी लागते. रॅमने रिकॉल केला होता. पंप बदलल्याचा कागद मागा. एक्झॉस्टचा फिल्टर काढून टाकलेली गाडी स्वस्त मिळाली तरी नको. ते बेकायदा आहे आणि डेन्व्हर भागातल्या एमिशन टेस्टमध्ये ती अडकते.

ऑप्शनमध्ये कंपनीचा ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आणि टोइंगचे आरसे सोडू नका. कंट्रोलर लावायला मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जा, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबा, आणि चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे गेन (ब्रेकच्या जोराचं सेटिंग) थांबवा. ओझं बदललं की पुन्हा करा. हिच बॉल २ ५/१६ इंचीच हवा. २ इंची बॉलवरही ट्रेलरचा कपलर बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर सुटतो.