दिवाळीच्या फराळासाठी पांढरी साखर न घालता ओट्सच्या कुरकुरीत कुकीज कशा कराव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे, की फराळात चिवडा-चकलीबरोबर ओट्सच्या कुकीज ठेवायच्यात, पांढरी साखर नको, म्हणून नेहमीच्या कृतीतली १५० ग्रॅम साखर काढून तुम्ही १५० ग्रॅम गूळ घातलात. त्या ट्रेमध्ये पसरून एकमेकींना चिकटल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडल्या. शिवाय सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना गुळाच्या चालतील ना, असंही विचारलंयत.

सासऱ्यांचं आधी सांगते, कारण ते उत्तर छोटं आहे. 'गुळाच्या आहेत' एवढ्यावर चालणार नाहीत. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, वर थोडे क्षार, थोडं पाणी आणि तो खमंग वास. मध, खजूर, काकवी यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. मी खाली देतेय त्या प्रमाणात एका कुकीत सहा ग्रॅमच्या आसपास गूळ-काकवी जाते, म्हणजे चहाचा भरलेला एक चमचा. त्यात कणीक आणि ओट्स आलेच. हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. एखादी बसते का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून त्यांचं त्यांना ठरवू दे. मी स्वतः साखर टाळते ती गुळाची चव आवडते म्हणून. पथ्य म्हणून नाही.

आता कुकीजकडे. मी कोल्हापुरात घरगुती ऑर्डरी घेते, आणि तुमची चूक मी स्वतः दोन दिवाळ्या केलेली आहे. पहिल्या वर्षी तर दोन किलो माल घरातच संपवावा लागला. त्यामुळे हे जरा सविस्तर.

नानकटाई आठवा. तूप आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेटायची, हात दुखेपर्यंत. साखरेचे बारीक टोकदार कण तुपात हवा कोंडून ठेवतात आणि तीच हवा भट्टीत नानकटाई फुलवते. नेहमीच्या कुकीजचीही सुरुवात अशीच असते. गूळ कितीही बारीक किसलात तरी तो ओलसर आणि चिकट असतो. तुपाबरोबर फेटला की त्याचा लेप होतो, हवा धरत नाही. ट्रे आत गेला की त्याला लगेच पाणी सुटतं आणि कुकी बसण्याआधीच वाहायला लागते.

आपल्याकडे याला शब्दच आहे. अनारसा तुपात सोडल्यावर विस्कटला की आपण म्हणतो, अनारसा हसला. तुमच्या कुकीज हसल्या. कारणही बरंचसं तेच, पिठाच्या मानाने गूळ आणि ओल जास्त.

मऊ पडण्याचं कारण मात्र वेगळं. गुळात साध्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि ती हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते ती यामुळेच. आणि इथे दिवाळीची एक गंमत आहे. आमच्याकडे नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे परंपरेने पाडव्याला निघतात. फराळ तर त्याच्या आठ-दहा दिवस आधी करायचा. म्हणजे कढईपाशी आपल्या हातात असतो तो गेल्या हंगामातला, अख्खा पावसाळा पिऊन बसलेला गूळ. तोच गूळ, तीच कृती, पण जानेवारीत कुकीज बऱ्या होतात आणि ऑक्टोबरात बिघडतात. हे लक्षात यायला मला दुसरी दिवाळी उजाडावी लागली.

मग सुटका कशी झाली? माझ्या वन्सं मेलबर्नला असतात. त्यांनी एका एप्रिलमध्ये तिकडची अँझॅक बिस्किटं केली आणि फोनवरून कृती सांगितली. २५ एप्रिल हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये अँझॅक डे, युद्धांत लढलेल्या आणि गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली त्या दिवशी त्यांचं 'अँझॅक' नावाचं सैन्य तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरलं होतं. बिस्किटात ओट्स, मैदा, सुकं खोबरं, लोणी, साखर आणि गोल्डन सिरप नावाचा उसाच्या साखरेचा सोनेरी पाक. अंडं नाही. फेटायचंही नाही! लोणी आणि पाक एकत्र वितळवायचे, उकळत्या पाण्यात कालवलेला सोडा त्यात ओतायचा, फसफसून वर आलं की कोरड्या मिश्रणात घालायचं. झालं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यापुढे काकवीची बाटली आली. जी कृती मुळातच पाकावर उभी आहे तिच्यात गूळ परका वाटणार नाही. साखरेच्या कृतीत गूळ कोंबण्यापेक्षा हे बरं. (आपल्या बिस्किटांना अँझॅक म्हणू नका मात्र. ते नाव तिकडे कायद्याने राखलेलं आहे. विकायच्या बिस्किटांना ते लावायचं तर मूळ कृतीपासून फार हलता येत नाही आणि त्यांना 'कुकी' म्हटलेलं तर अजिबात चालत नाही. माझ्या यादीत 'काकवीच्या कुकीज' असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही गुन्हे टळले.)

प्रमाण लिहून घ्या. यात २४-२५ होतात. ओट्स १०० ग्रॅम, कणीक १२० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ६० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, चिरलेला गूळ १०० ग्रॅम, काकवी ४० ग्रॅम, खायचा सोडा चहाचा सपाट अर्धा चमचा, उकळतं पाणी दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ, अर्धं जायफळ किसून, आणि वरून लावायला खसखस. गूळ पाझरलेला असेल तर काकवी ३० ग्रॅमच घ्या आणि पाणी दीड चमचा. तुपाऐवजी लोणी वापरणार असाल तर १२५ ग्रॅम लागेल, कारण लोण्यात पाणीही असतं. मग वरचं पाणी एक चमचाच. वाटी-चमच्याने मोजू नका, गूळ दाबून भरला की वाटीत किती मावेल याचा नेम नाही. साधा काटा आणा.

ओट्स कोणते? जाड चपटे, पोह्यांसारखे दिसणारे. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स पाण्यात लगदा होतात, कुकीतही होतात. मसाल्याच्या पाकिटातले तर नकोच. एका गृहस्थांनी मला ओट्स म्हणजेच आपला सातू असं ठासून सांगितलं होतं. तसं नाही, सातू म्हणजे जव. ओट हे वेगळं धान्य आहे, हिंदीत त्याला जई म्हणतात.

ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता, पातळ पोह्यांच्या चिवड्यासाठी परततो तसे. रंग बदलायला नको, फक्त हाताला कुरकुरीत लागले पाहिजेत. खोबरंही तसंच, वेगळं. ही पायरी पाकिटावरच्या कृतींत नसते, पण कच्च्या ओट्सचा पिठूळ वास याने जातो आणि दिवाळीच्या दमट दिवसांत त्यांनी धरलेली ओलही उडते.

आता जाड बुडाच्या पातेल्यात तूप, गूळ आणि काकवी मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळला की लगेच उतरवा. इथे चिक्की करणाऱ्या बायकांचा हात आपोआप पुढे जातो. गोळीबंद पाक करायचा नाहीये! पाक झाला तर कुकी कुरकुरीत होत नाही, दगड होते, आणि सासऱ्यांच्या मधुमेहाआधी दातांचा प्रश्न उभा राहील. विरघळलेलं मिश्रण गाळून घ्या, गुळात चिपाडाचा एखादा तुकडा किंवा खडा निघतोच. तूप-गूळ सुरुवातीला एकजीव दिसत नाहीत, तूप वर तरंगतं. घाबरू नका, पिठात गेल्यावर मिळून येतं.

वाटीत सोडा घ्या, उकळतं पाणी घाला आणि गरम मिश्रणात ओता. फेस येईल, म्हणून पातेलं मोठं घ्या. गूळ थोडा आंबटाकडे झुकणारा असतो, त्याच्याशी सोडा खेळतो आणि नानकटाईत जे काम फेटण्याने होतं त्यातलं थोडं इथे हा फेस करतो. अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो.

फेस असतानाच ओट्स, कणीक, खोबरं, मीठ, जायफळ यांच्या मिश्रणात हे ओता, उलथन्याने कालवा आणि झाकून अर्धा तास विसरून जा. हा अर्धा तास चोरू नका. ओट्स पाणी पिऊन फुगतात, तूप जरा घट्ट होतं. सुरुवातीला सैल वाटलेलं मिश्रण आता लाडवासारखं वळता येतं. साधारण २० ते २२ ग्रॅमचे गोळे करा, तळहातावर चपटे करा, वरची बाजू खसखशीत दाबा. कडा फाटल्या तर बोटांनी मिटवा.

सगळा ट्रे एकदम लावण्याआधी एकच कुकी भाजून बघा. अनारशाला आपण पहिला एक टाकून बघतो ना, तसं. ही हसली तर उरलेल्या मिश्रणात दोन चमचे कणीक मळा. उलट अजिबात न पसरता लाडवासारखी बसून राहिली, तर चमचाभर कोमट दूध. गूळ दर खेपेला वेगळा असतो, त्यामुळे माझं प्रमाण तुमच्या घरी ग्रॅमला ग्रॅम लागू पडेलच असं नाही. या एका कुकीने उरलेल्या तेवीस वाचतात.

ओव्हन १६० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा, मधल्या कप्प्यात १८ ते २० मिनिटं भाजा. साखरेच्या कुकीज १८० अंशांवर भाजतात, पण गूळ लवकर लाल होतो आणि मग करपतो. आच कमी, वेळ जास्त, म्हणजे आतलं पाणी निघून जायला सवड मिळते. रंगावर जाऊ नका, गुळाचं पीठ कच्चं असतानाही तपकिरीच असतं. कडा मधल्या भागापेक्षा गडद झाल्या आणि बोट लावल्यावर कडा टणक, मध्य किंचित मऊ लागला की काढा. छोट्या ओटीजीची बटणं दहा-वीस अंश खोटं बोलतात, म्हणून पहिल्या ट्रेजवळ उभ्या राहा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवून, वर जाळी ठेवून, झाकण लावून होतात, पण एका वेळी पाच-सहाच, आणि खालची बाजू जास्त लाल होते.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं हात लावू नका, तुटतात. मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात नाही. कोमट कुकीची वाफ डब्यात अडकली की वरची सगळी मेहनत वाया. चकलीच्या डब्यात तर ठेवूच नका, वास लागतो.

खजुराचं विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. खजूर वाटून घातला की कुकी मऊ आणि चिवट होते. मुलांच्या डब्याला छान, फराळाला नाही. खारकेची पूड मात्र कामाची आहे, डिंकाच्या लाडवात घालतो तीच. गुळातले ३० ग्रॅम कमी करून तेवढी पूड घातली तर गोडी जरा उतरते आणि चव भरते. पूड पाणी ओढते, म्हणून चमचाभर दूध जास्त. मधाने करपण्याची भीती वाढते आणि भाजल्यावर मधाचा वासही फारसा उरत नाही, मग कशाला? 'ब्राउन शुगर' म्हणून मिळते ती बऱ्याचदा पांढऱ्या साखरेलाच मळी चोळून केलेली असते, तेव्हा पाकीट वाचून घ्या.

नीट भाजलेल्या कुकीज घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा-बारा दिवस राहतात. मध्येच मऊ वाटल्या तर १३० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवा आणि जाळीवर गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात.

तुमच्या पहिल्या खेपेच्या त्या पोळीएवढ्या कुकीजनाही हाच उपाय करून बघा. त्यानेही नाही जमलं तर चुरून घ्या, मुठभर भाजलेले शेंगदाणे भरडून घाला, दोन चमचे गरम तूप ओता आणि लाडू वळा. फराळाच्या ताटात ते पहिले संपतात आणि कसले आहेत ते कुणी विचारत नाही.