टमी टक करायचं ठरवताय तर आधी हे पाहा

ताई, टमी टक हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे. त्यात पोटाची लोंबलेली कातडी कापतात आणि बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू शिवून जवळ आणतात. म्हणून आधी किमान 6 महिने वजन स्थिर हवं. पुढे मूल हवं असेल तर थांबाच.

खर्रा, तंबाखू, गुडाखू निदान 4 आठवडे आधी बंद, नंतरही तेवढेच दिवस. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांजवळची कातडी काळी पडून मरते. बायका लाजेपोटी नेमकं हेच डॉक्टरांपासून लपवतात.

कापूस वेचणीचे दिवस टाळा. साधारण 6 आठवडे पाण्याचा गुंड, गाठोडं, कडेवर लेकरू, काहीच उचलायचं नाही. आतले टाके सुटतात. पोटाला आवळून बांधायचा पट्टाही जवळपास तेवढेच दिवस, त्यामुळे आपल्याकडचा मे महिना नकोच.

चालायला मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लागायचं, कमरेत थोडं वाकून. पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला, तर तडक दवाखाना. सकाळची वाट पाहू नका.

ऑपरेशननंतर साचणारं पाणी बाहेर काढायला पोटाच्या कातडीखाली नळी ठेवलेली असेल, तर तिचं पाणी रोज मोजून लिहा. 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की सहसा नळी काढतात. नंतर पोटात पाणी डुचमळल्यासारखं वाटलं तर दाखवा, ते सुईने काढता येतं.

सर्जन प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी घेतलेलाच हवा. नागपुरात केलं तर पहिला आठवडा तिथंच नातेवाइकांकडे राहा. विमा याचे पैसे सहसा देत नाही.