अमेरिकेत पोलिसांनी ताब्यात घेतलं तर काय बोलायचं, काय नाही

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत पोलिसांनी पकडलं तर चौकशीआधी कोणते हक्क असतात, आणि पडद्यावर दाखवतात तसे ते खरंच वाचून दाखवतात का. दाखवतात, पण बेड्या पडल्या पडल्या दाखवलेच पाहिजेत असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालापासून नियम असा आहे: माणूस ताब्यात असेल आणि त्याला प्रश्न विचारायचे असतील, तरच आधी हक्कांची सूचना द्यायची. तिच्यात एवढं असतं: गप्प राहता येतं. बोललेलं कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतं. चौकशीच्या वेळी वकील हजर ठेवता येतो. ऐपत नसेल तर वकील सरकार देतं. सूचना दिलीच नाही तर केस रद्द होते, हा गैरसमज आहे. सरकारी पक्षाला ती उत्तरं गुन्हा शाबित करायला वापरता येत नाहीत, एवढंच. रस्त्यात गाडी थांबवून केलेली साधी विचारपूस सहसा ‘ताबा’ धरत नाहीत, म्हणून तिथे सूचना नसते; ‘किती प्यायलात?’ला दिलेलं उत्तर मात्र पुरावा होतं.

भारतातून येणाऱ्याने पहिल्यांदा एक फरक डोक्यात पक्का करावा. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात शाबित करता येत नाही. इथे येतो, आणि बऱ्याच केसेस त्यावरच उभ्या राहतात. ‘मी काही केलं नाही, मग सांगायला काय हरकत’ म्हणून तासभर बोलणारा माणूस वेळ, जागा, कोण सोबत होतं यात कुठेतरी चुकतो, आणि ती चूकच पुढे खोटेपणा म्हणून मांडली जाते. शिवाय ‘तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय’ अशी थाप मारायची पोलिसांना मुभा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती चालवून घेतली. तुम्ही मात्र फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्याशी खोटं बोललात तर तो स्वतंत्र गुन्हा.

हक्क तोंडाने मागावा लागतो. २०१० च्या एका निकालात जवळजवळ पावणेतीन तास गप्प बसलेल्या माणसाने शेवटी दिलेली एकशब्दी उत्तरं ग्राह्य धरली गेली, कारण ‘मला बोलायचं नाही’ असं तो म्हणालाच नव्हता. आपला भिडस्तपणाही इथे नडतो. ‘मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर’ हे १९९४ मध्ये पुरेसं स्पष्ट मानलं गेलं नाही. म्हणून सरळ म्हणा: ‘आय वॉन्ट अ लॉयर. आय विल नॉट आन्सर क्वेश्चन्स.’ नुसतं गप्प राहायचंय म्हटलंत तर काही वेळाने ते पुन्हा विचारू शकतात. वकील मागितलात तर तो येईपर्यंत चौकशी थांबवावी लागते. अट एकच, तुम्ही स्वतः विषय काढायचा नाही. आणि वकील लगेच धावत येईल असं समजू नका. सरकारी वकील बहुधा न्यायाधीशापुढच्या पहिल्या हजेरीच्या सुमारास मिळतो. मागणीचा खरा फायदा प्रश्न थांबण्यात आहे.

नाव, जन्मतारीख, पत्ता ही नोंदणीची माहिती द्या, ती खरीच द्या. मोबाइल तपासायला वॉरंट लागतं (२०१४ चा निकाल), पण तुम्ही ‘हो’ म्हटलंत की वॉरंटची गरज संपते. नकार स्पष्ट शब्दांत द्या. कोठडीतून घरी फोन लावाल तो रेकॉर्ड होतो असंच धरून चाला. मराठीत बोलल्याने काही झाकत नाही, भाषांतर होतं. फोनवर फक्त कुठे आहात ते सांगा आणि वकील बघायला सांगा.

अटकेची खबर भारतीय दूतावासाला आपोआप द्यावी लागेल अशा देशांच्या यादीत भारत नाही. तुम्ही सांगितलंत तरच कळवतात, तेव्हा सांगा. वकिलाला पहिल्याच भेटीत व्हिसाचा प्रकार सांगा. गुन्हा कबूल केल्याने हद्दपारीचा धोका असेल तर तसं बजावणं हे त्याचं कर्तव्य आहे (२०१० चा निकाल). हद्दपारीच्या सुनावणीत मात्र फुकट सरकारी वकील मिळत नाही, तो खर्च तुमचा.