ओल्ड स्कूल रुनस्केपचं मतदान देखावा आहे का? आणि आराखड्यावर किती विसंबायचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. या ऑनलाइन गेममधलं सेलिंग हे होडी चालवण्याचं नवीन स्किल (वाढवत न्यायचं कौशल्य) २०१५ मध्ये खेळाडूंनी मतदानात पाडलं, तरी २०२५ मध्ये ते गेममध्ये आलंच, मग मतदानाला अर्थ काय? गेम बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने पुढचा आराखडा जाहीर केला की त्या जोरावर वर्षाची मेंबरशिप एकदम घ्यावी का? आणि भारतातून खेळणाऱ्यांचं म्हणणं तिथे कुणी वाचतं का? शेवटच्याचं उत्तर सोपं आहे: वाचतात, पण लिहायची पद्धत बदलावी लागेल. पहिल्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जॅगेक्सने मूळ रुनस्केपची लढाईची पद्धतच बदलून टाकली. खेळाडूंना विचारलं नव्हतं. जुने लोक घाऊक निघून गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने मत मागितलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून ओल्ड स्कूल सुरू झालं. परत आलेली मंडळी एकदा पोळलेली होती, त्यामुळे नियम कडक ठरला: नवीन काही आणायचं तर ७५ टक्के होकार हवा. २०२२ मध्ये ही अट ७० टक्क्यांवर आणली.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. ७५ टक्क्यांच्या अटीत एक 'नाही' पुरून उरायला तीन 'हो' लागतात. ७० टक्क्यांत तीन 'नाही' असतील तर सात 'हो' पुरतात. फरक छोटा दिसतो, पण वादाचे बरेच प्रश्न नेमके त्याच पट्ट्यात अडकायचे.

मात्र सेलिंग निव्वळ अट खाली आणल्यामुळे आलं असं जे सर्रास म्हटलं जातं, ते पटत नाही. २०१५ चं सेलिंग आणि २०१९ मध्ये सुचवलेलं वॉर्डिंग हे दुसरं स्किल, दोन्हींना होकार दोन-तृतीयांशाच्या आसपास होता. म्हणजे ७० ची अट असती तरी दोन्ही पडलीच असती. बदलला तो प्रश्न विचारायचा क्रमही. आधी काय व्हायचं, तर कंपनी एक अख्खं स्किल आखून आणायची आणि विचारायची: हवं की नको? आता 'नको' म्हणणारे तीन प्रकारचे असतात. नवीन स्किल मुळातच नको असलेले, नवीन स्किल चालेल पण हे नको म्हणणारे, आणि हेही चालेल पण त्यातली अमुक एक गोष्ट खटकते म्हणणारे. तिघंही एकच बटण दाबायचे आणि बेरीज ३० टक्क्यांच्या वर जायची.

२०२२ मध्ये आधी फक्त तत्त्व विचारलं: नवीन स्किल हवं का? ते पार झालं. मग २०२३ मध्ये सेलिंग, टेमिंग आणि शामनिझम हे तीन पर्याय समोर ठेवले आणि त्यातून सेलिंग निवडलं गेलं. त्याच वर्षी ७० टक्क्यांच्या अटीवर ते पुन्हा मतदानाला लागलं आणि सुमारे ७२ टक्के होकाराने पार झालं. त्यानंतर आखणी, तपशिलांवर खेळाडूंशी बराच काळ खल, २०२५ मध्ये अल्फा चाचणी आणि १९ नोव्हेंबर २०२५ ला प्रत्यक्ष आगमन. तत्त्व आधीच मंजूर झाल्यामुळे मुळातच विरोध असलेल्यांची बाजू लंगडी पडली. यात डाव आहे असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. प्रश्न कोण मांडतं, कोणत्या क्रमाने मांडतं, यावर निकाल बराच ठरतो. पण त्याला देखावा म्हणणं चूक आहे. त्याच व्यवस्थेत अनेक प्रस्ताव पडलेले आहेत आणि पडलेले प्रस्ताव गुपचूप आत घुसवलेले नाहीत.

विरोधामागचं एक साधं कारण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आधी २३ स्किल होती, प्रत्येकाची कमाल लेव्हल ९९, म्हणून सगळं पूर्ण केलेल्याचं एकूण २२७७. सेलिंग आलं आणि तो आकडा २३७६ झाला. वर्षानुवर्षं घासून 'मॅक्स' झालेला माणूस एका बुधवारी अपूर्ण ठरला. ९९ ला लागतात १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण), आणि ९२ ला पोचलात की जेमतेम निम्मं अंतर कापलेलं असतं. तासाला ५०,००० एक्सपी मिळणारी पद्धत धरली तरी २६० तास होतात. अशा माणसाच्या 'नाही'ला नुसता हट्ट म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो आराखडा वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जाहीर झालेली प्रत्येक गोष्ट एकाच वजनाची नसते. ती कशाने बांधलेली आहे ते आधी पाहा.

मतदानातून पार झालेल्या गोष्टीची तारीख पुढे जाईल, तपशील घासूनपुसून बदलतील, पण ती सहसा येतेच. जिच्यावर मतदान व्हायचंय, ती निव्वळ प्रस्ताव समजा, मग व्हिडिओत कितीही देखणी दिसो. 'आम्ही विचार करतोय', 'चाचपणी सुरू आहे' अशा भाषेतली गोष्ट हिशेबात धरूच नका. आणि चौथा प्रकार म्हणजे ज्यावर मतदान होणारच नाही. गेमचा तोल किंवा प्रामाणिकपणा राखण्यासाठीचे बदल, बग, बॉटविरुद्धचे उपाय हे कंपनी स्वतःच्या अधिकारात करते. खेळाडूविरुद्ध खेळाडू लढाईतले बदलही हल्ली याच गटात आहेत. त्याला कारण घडलं होतं: त्या लढाईत कधी न उतरणारे लोक वाइल्डरनेसमधल्यांना (जिथे खेळाडू एकमेकांवर हल्ला करू शकतात त्या भागातल्यांना) धडा शिकवायचा म्हणून 'नाही' दाबायचे. खुन्नस काढण्यासाठी दिलेलं मत, दुसरं काही नाही.

मेंबरशिपची किंमत, बाहेरचे क्लायंट (इतरांनी बनवलेली, गेम चालवणारी सॉफ्टवेअर), जाहिराती यांतलं काहीच मतपेटीत येत नाही. आणि सगळ्यात मोठे भडके तिथेच उडालेत. सप्टेंबर २०२१ मध्ये रुनलाइट या बाहेरच्या क्लायंटसाठीचं, गेम देखणा करणारं ११७ एचडी हे प्लगइन प्रसिद्ध व्हायच्या तोंडावर कंपनीने थांबवायला सांगितलं, कारण त्यांचं स्वतःचं ग्राफिक्सचं काम चालू होतं. खेळाडू गेममधल्या फॅलाडोर शहरात जमून निषेध करू लागले, मेंबरशिप रद्द करू लागले, आणि थोड्याच दिवसांत कंपनी मागे हटली आणि प्लगइनला परवानगी मिळाली. जानेवारी २०२५ चं सर्वेक्षण आठवा: मेंबरशिपचे वेगवेगळे स्तर, त्यात स्वस्त स्तरावर जाहिराती, असे पर्याय लोकांना दाखवले गेले. तो आराखडा नव्हता, नुसती चाचपणी होती, पण पुन्हा रद्द करण्याची लाट आली आणि कंपनीला माफी मागावी लागली. दोन्ही वेळा नकाराचं बटण उपलब्ध नव्हतं, म्हणून लोकांनी पैशाचं बटण दाबलं. (तिकडे रुनस्केप ३ मध्ये नोव्हेंबर २०२५ ला उलटंच झालं. ट्रेझर हंटर (पैसे देऊन नशिबाने बक्षिसं मिळवायची सोय) काढायचा का, यासाठी कंपनीनेच एक लाख मतांचं लक्ष्य ठेवलं आणि ते गाठलं गेलं. पैशाच्या बाबतीत खेळाडूंना विचारण्याचं हे उदाहरण विरळाच.)

म्हणून वर्षाच्या मेंबरशिपबद्दल: आज गेममध्ये जे आहे त्याच्यासाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. आराखड्यातल्या वस्तूसाठी घेऊ नका. ती वस्तू आली की एका बाँडवर (मेंबरशिप देणारी गेममधली वस्तू) १४ दिवस मिळतात, त्यात कळतं. बाँड गेममधल्या सोन्यानेही घेता येतो, मात्र गाजलेल्या अपडेटच्या आठवड्यात ग्रँड एक्सचेंजवर (गेममधल्या बाजारात) त्याचा भाव चढू शकतो, तेव्हा आधीच घेऊन ठेवलेला बरा.

मतदान करताना काय चुकतं ते सांगतो. मतासाठी चालू मेंबरशिप आणि एकूण लेव्हलची किमान अट लागते. ती पोल बूथवरच (गेममधल्या मतदानाच्या जागी) दिसते. बूथ उघडलात की प्रश्न लगेच टिचकावू नका. प्रत्येक प्रश्नामागे एक लांब ब्लॉग असतो आणि खरे आकडे तिथे असतात. प्रश्नात 'ब्लॉगमध्ये वर्णन केल्याप्रमाणे' असं असेल तर तुम्ही अख्ख्या ब्लॉगला मत देताय हे ध्यानात ठेवा. नवीन जागा आणि तिथलं बक्षीस यांवर बऱ्याचदा वेगळे प्रश्न असतात. बॉस (मोठा शत्रू) आवडला पण त्याच्याकडून मिळणारं शस्त्र अतिच ताकदवान वाटलं, तर बॉसला 'हो' आणि शस्त्राला 'नाही' देता येतं. लोक रागाच्या भरात दोन्ही पाडतात. ज्या विषयात तुम्ही खेळतच नाही तिथे 'प्रश्न वगळा' वापरा. वगळलेलं मत टक्केवारीत धरलं जात नाही, उगाच दिलेलं 'नाही' मात्र दोनपेक्षा जास्त 'हो' खाऊन टाकतं.

आता प्रतिक्रिया. ती द्यायची वेळ म्हणजे प्रस्तावाचा ब्लॉग आल्यापासून मतदान सुरू होईपर्यंत. बूथवर प्रश्न लागला की शब्द गोठले, मग हातात फक्त हो, नाही, वगळा. नेहमीचं अपडेट ब्रिटनच्या वेळेने बुधवारी साडेअकराच्या सुमारास येतं, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे पाच आणि तिकडची घड्याळं पुढे गेली की चार. आपल्या रात्रीपर्यंत पहिली धुमश्चक्री होऊन गेलेली असते. त्या पहिल्या काही तासांत जे 'गेम मेला' छापाचं लिहिलं जातं त्यात पडू नका. आधी दोन-तीन तास खेळा, मग लिहा.

लिहायचं कसं, याचा नमुना. 'नवीन पद्धत बकवास आहे, कुणी खेळणार नाही' हे वाचून डेव्हलपरने करायचं काय? त्याऐवजी असं लिहा: 'लेव्हल ७५, अमुक होडी, अमुक सामान. एक फेरी १० मिनिटांची, त्यातली ६ मिनिटं काहीच न करता नुसतं बघत बसावं लागतं. तासाला एक्सपी इतका, याच लेव्हलच्या दुसऱ्या पद्धतीत इतका. वाट बघण्याचा वेळ कमी झाला तर एक्सपी आहे तेवढाच राहिला तरी चालेल.' यात लेव्हल आहे, साधन आहे, मोजमाप आहे, तुलना आहे आणि काय बदललं तर समाधान होईल तेही आहे. अशी पाच वाक्यं पाचशे शिव्यांना भारी पडतात.

शस्त्रं आणि बॉसबद्दल लिहिताना हिशेब टिकमध्ये मांडा. गेमचा एक टिक ०.६ सेकंदांचा. अ‍ॅबिसल व्हिप हे शस्त्र ४ टिकचं, म्हणजे दर २.४ सेकंदांनी एक वार. समजा प्रस्तावात एखादं ४ टिकचं शस्त्र ५ टिकचं केलंय. 'जरासं सावकाश' वाटतं, पण वाराची ताकद तीच राहिली तर मारा थेट २० टक्के घटतो. असं लिहिलंत की चर्चा लगेच मुद्द्यावर येते. उलट बाजूनेही हेच: पॅच नोटमध्ये 'अचूकता थोडी कमी केली' एवढंच असेल तर ओरडण्याआधी बघा, कोणत्या शत्रूवर? ज्याचा बचाव मुळातच कमी आहे त्याच्यावर तो फरक जाणवणारही नाही.

ड्रॉपच्या, म्हणजे शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या वस्तूंच्या, तक्रारींचं तर विचारूच नका. व्हिप अ‍ॅबिसल डीमन या राक्षसाकडून ५१२ ला १ या दराने मिळतं. ५१२ मारून एकही न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, आणि ६०० मारून न मिळण्याची सुमारे ३१ टक्के. म्हणजे दर दहा जणांतले तीन जण ६०० ला कोरडेच असणार. 'माझं ६०० ला काही आलं नाही, दर बिघडलाय' ही प्रतिक्रिया म्हणून निरुपयोगी आहे. 'दर ठीक आहे, पण कोरडं गेलेल्यांसाठी काही भरपाई ठेवा' हे मात्र मागण्यासारखं आहे.

चाचणीची बीटा वर्ल्ड उघडली की जरूर जा, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. तिथली प्रगती मुख्य खात्यात येत नाही, आणि तिथे जाणारे बहुतेक मुरलेले खेळाडू असतात. त्यामुळे नवख्याला कुठे अडखळायला होतं हे बीटातून कळतच नाही, आणि नेमकं तेच अपडेटच्या दिवशी उघडं पडतं. तुमची लेव्हल मध्यम असेल तर तुमचं निरीक्षण तिथे जास्त मोलाचं. कुठे थांबलात, कोणती सूचना समजली नाही, मोबाइलवर कोणतं बटण बोटाखाली येईना, ते स्क्रीनशॉटसह टाका. मोबाइलवरच्या अडचणी डेस्कटॉपवाल्यांना दिसत नाहीत आणि आपल्याकडचे बरेच जण फोनवरच खेळतात, तेव्हा हे काम आपणच करायचं.

सेलिंगबद्दल सध्या काय लिहावं असं विचाराल, तर 'काढून टाका' ही मागणी सोडा. मंजूर होऊन आलेलं स्किल आता निघणार नाही. एक्सपीचा वेग, फेऱ्यांमधला रिकामा वेळ आणि वरच्या लेव्हलची बक्षिसं या तीन ठिकाणी अजून बदल करून घेता येतील. तुमची लेव्हल आणि होडी कळवा, त्या टप्प्यावर कोणते आकडे मोजून घ्यायचे ते सांगतो.