पुण्यात एकच संग्रहालय बघायला वेळ आहे, सोबत सात वर्षांची मुलगी. केळकर संग्रहालय तिला आवडेल का?

आवडेल, फक्त सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. बाजीराव रोडवरच्या या संग्रहालयात बहुतेक वस्तू घरगुती आहेत: दिवे, कुलपं, दौती, खेळणी. त्यामुळे मुलांना पाट्या वाचून दाखवत बसावं लागत नाही. पाहुण्यांची पोरं घेऊन जातो तेव्हा मी त्यांना एकच काम देतो, नक्षीच्या अडकित्त्यांत प्राणी-पक्षी शोधायचं. मोठी माणसंही नकळत त्यात गुंततात! मग कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल बघा. वाद्यं मात्र काचेआडूनच बघायची, हे तिला आधीच सांगा. जिने बरेच आहेत; आजी-आजोबा सोबत असतील तर तळमजल्यावरच जास्त वेळ काढा.